निवडलेली तूर

माघ सरत आला की अकोल्याच्या दालमिलांकडून एक वास येतो. तुरीला आधी तेल चोळतात, उन्हात घालतात, मग पाणी मारून मुरत ठेवतात, तेव्हा कुठे तिचं साल सुटतं. त्या मुरणाऱ्या तुरीचा तो वास. थोडा ओल्या गोणपाटाचा, थोडा तेल लावलेल्या वेणीचा, आणि मागे कुठेतरी आंबू-आंबू करणाऱ्या पिठाचा. अमरावतीहून एसटीनं निघालो की बोरगाव मंजू मागे पडल्यावर मी खिडकीची काच सरकवायचो. वास खरं तर अजून लांब असायचा, पण माझं नाक माझ्या आधी बहिणीच्या घरी पोचायचं. गेल्या हंगामापासून मात्र तिथे आलो की मी काच लावून घेतो. शेजारचा म्हणतो, "काय बावा, गर्मी होऊन राह्यली न." मी म्हणतो, धूळ येते.

बहीण म्हणजे शकूताई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. भाऊजींची अकोल्यात छोटी दालमिल आहे आणि मिलच्या मागेच घर. मी अमरावतीच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. शिकवतो हे कॉलेजचं म्हणणं. पोरांचं मत वेगळं आहे. इतकी वर्षं मी फळ्यावर पूल बांधले, फळ्यावर क्रेनी उभारल्या, आणि घरच्या नळाचा वायसर बदलायला माणूस बोलावला. माझी बायको मंदा ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबरच देते. पन्नाशी ओलांडलेल्या मास्तराला मग वाटायला लागतं, मरण्याआधी एकदा तरी आपण सांगितलेली वस्तू पत्र्याची, खिळ्यांची, खरीखुरी उभी राहावी.

त्यातच कॉलेजात फर्मान निघालं की प्रत्येक शिक्षकानं बाहेरच्या एखाद्या कारखान्याचं काम करून दाखवावं. माझ्या ओळखीचा कारखाना एकच. भाऊजींना नवा हॉपर बसवायचा होता. हॉपर म्हणजे वरून चौकोनी, खाली निमुळता होत गेलेला, दोन पुरुष उंच पत्र्याचा कोठा. मुरलेली तूर वरून टाकायची, खालच्या तोंडातून ती चक्कीवर पडते. जुना हॉपर सारखा तुंबायचा. त्याच्या कुशीला एक खिडकी होती, आणि तिच्यातून बांबू घालून अडलेली तूर मोकळी करायची हे गुलाबरावांचं काम. गुलाबराव तेल्हाऱ्याकडचे, मिल सुरू झाली तेव्हापासूनचे. त्यांच्या बांबूला मुठीच्या जागी अशी चकाकी आली होती की दुसऱ्या कुणी धरला तर तो हातातून निसटायचा.

"मास्तर," भाऊजी म्हणाले, "तुमच्या त्या कंप्युटरवर पाहून सांगा न, कसा बनवला तं तुंबनार नाही."

मी असा हरखलो, जसा वरातीत घोड्यावर बसवलेला माणूस हरखतो. घोडा कुठे चालला आहे हे त्याला ठाऊक नसतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाण्यांचं एक सॉफ्टवेअर पडून होतं. व्हिडिओ पाहून पाहून मी ते शिकलो. त्यात हॉपर काढायचा आणि वरून हजारो दाणे सोडायचे. पण सोडण्याआधी ते यंत्र लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखं एकेक विचारत बसतं. दाणा दाण्याला भेटला तर काय करायचं? दाणा पत्र्याला भेटला तर? किती घासायचं, किती उसळायचं, लोळताना किती अडायचं, आणि भेट झाल्यावर चिकटून राहायचं की सोडून द्यायचं? प्रत्येक जोडीला वेगळे आकडे. मला ते फार आवडलं. आपल्याकडे घरात नवं माणूस येतं तेव्हा हे कुणी विचारत नाही, आकडे मागाहून कळतात.

आणखी एक खोड त्या यंत्राला आहे. ते दाण्यांकडे सतत पाहत नाही, पापण्या मिटत-उघडत पाहतं. दोन पाहण्यांमधलं अंतर जरा जास्त ठेवलं, तर तेवढ्यात दाणे नकळत एकमेकांत घुसून बसतात. पुढच्या वेळी यंत्रानं डोळे उघडले की ते त्यांना अशा काही जोरानं वेगळं करतं की दाणे भिंती फोडून पडद्याबाहेर जातात. माझी पहिली तूर अशीच आभाळात गेली. मी ते मोबाइलवर घेऊन घरी मंदाला दाखवलं. ती म्हणाली, "लाह्या छान फुटल्या."

खरं म्हणजे टकरीचं शास्त्र मला ताईनं शिकवलं होतं, पार लहानपणी, अंगणात. कंचे, म्हणजे गोट्या, खेळताना ती आधी मातीवर तळहात टेकवायची. मी नेम धरून डोळा मिटून बसलेला, आणि ही म्हणायची, "इथं नको मारू, इथं ओल हाय. वल्या मातीत कंचा मरते." मी मारायचोच. कंचा मरायचा. माझे सगळे कंचे तिच्या फ्रॉकच्या खिशात जायचे, आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाताना, आपल्या वाटणीच्या चार शेंगा माझ्याकडे सरकवून, ती दोन कंचे मला उधार द्यायची. उद्या पुन्हा हरायला.

ओलीची गोष्ट मला पाचव्या वर्षी सांगितलेली होती, एवढंच मला म्हणायचं आहे.

यंत्राला आकडे द्यायला नमुना हवा. मी भाऊजींना फोन केला, हॉपरमध्ये जी तूर जाणार तीच थोडी पाठवा. भाऊजींनी ताईला सांगितलं, आणि ताईनं एसटीनं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती स्टीलचा डबा धाडला. आमच्या दोन घरांत हा डबा तीस वर्षं जातो-येतो. तिकडून डाळ येते, इकडून मंदा कुरडया नाहीतर मुगवड्या घालते. रिकामा तो कधीच जात नाही. ताईला 'नमुना' हा शब्द ऐकू गेला असेल, पण हातांना तो कळला नाही. माहेरी जायची वस्तू ती. तिनं तूर ताटात घेऊन निवडली. खडा काढला, काडी काढली, किडका दाणा काढला. मग दोन दिवस उन्हात घातली, डबा चिंचेनं घासला आणि भरला. दाणे असे की बाळाच्या कडदोऱ्यात ओवावेत.

त्या दाण्यांवर मी स्वयंपाकघरात प्रयोग केले. फूटपट्टीच्या उंचीवरून एकेक दाणा ताटात टाकून तो किती उसळतो याचं मोबाइलवर चित्रण केलं. परात तिरकी करत तूर कधी घसरते ते पाहिलं. ढीग ओतून त्याचा उतार कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजला. मंदा कुकर घेऊन दारात उभी. "झालं असन तं एक वाटी द्या," ती म्हणाली, "वरण टाकाचं हाय."

आता जे लिहितो ते मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गोतावळ्यात लग्नाच्या पंगतीनंतर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं. कुणाचा बैल कुणाच्या मांडवात शिरला, कुठल्या मामानं उलटा सदरा घालून व्याह्यांची गळाभेट घेतली, सगळं माझ्या पोतडीत आहे. हे मात्र नव्हतं.

डबा उघडला तेव्हाच मला कळलं होतं, ही हॉपरमध्ये जाणारी तूर नाही. तिला वास नव्हता. ज्या वासासाठी तीस वर्षं खिडकीतून नाक काढून बसलो, तो नव्हता. मग मी एका वाटीत मूठभर तूर घेतली, तेलाचं बोट फिरवलं, पाण्याचा हबका मारला, फडक्याखाली झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी दाण्यांची गुठळी झाली होती. त्यावरून अंदाजानं चिकटपणाचे आकडे भरून मी यंत्र सोडलं. चिकटपणा घातला की यंत्राचं काम फार वाढतं. चार दिवस ते घरघरत होतं. चौथ्या दिवशी, शनिवारी, पडद्यावर पाहिलं तर हॉपरच्या गळ्याशी दाण्यांनी एकमेकांना धरून कमान बांधली होती. कमानीखाली रिकामं, वर गच्च तूर. एक दाणा पडत नव्हता.

सोमवारी मला कॉलेजात काम दाखवायचं होतं.

मी स्वतःला समजावलं की आकडे अंदाजाचे होते, कमान खोटी असणार. चिकटपणाच्या चौकोनातली खूण काढली. कमान पुसली. ताईची निवडलेली तूर सोडली आणि ती झुळझुळ वाहिली, लाल-पिवळी, मीच दिलेल्या रंगांत. सोमवारी टाळ्या पडल्या. प्राचार्य म्हणाले, "वा."

तेच चित्र मी अकोल्याला जाऊन मिलमध्ये दाखवलं. गुलाबरावांनी मोबाइल हातभर लांब धरून, मान मागे घेऊन पाहिलं.

"सर, हे तं मोती हायेत," ते म्हणाले. "तूर कुठी हाय?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो.

"अन् खिडकी?"

"खिडकीची गरजच नाही गुलाबराव. उलट तिच्या काठाला दाणा अडतो."

"ठेवा न एक. कोनाले खाते काय ते?"

"गुलाबराव," भाऊजी म्हणाले, "तुमच्या बांबूले आता पेन्शन."

पंधरा दिवसांनी हॉपर उभा राहिला. मी रजा काढून गेलो होतो. फाल्गुनातली दुपार, पत्र्याखाली भट्टी. नारळ फुटला, पेढा माझ्या तोंडात आधी गेला. तासभर तूर पडत राहिली, आणि मग चक्कीचा आवाज बदलला. चक्कीला दाणा मिळेनासा झाला की तिचा सूर वर चढतो, रिकाम्या घरात माणूस मोठ्यानं बोलतो तसा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थांबा, पाहतो." आणि लॅपटॉप उघडला.

त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर हे. समोर हॉपर होता, आणि मी लॅपटॉप उघडला.

तेवढ्यात गुलाबराव बांबू घेऊन शिडीनं वर गेले होते. कुशीला खिडकी नव्हती, म्हणून वरून. वरून तूर भरलेली, घट्ट दिसते. खाली पोकळी आहे हे तिच्या तोंडावर दिसत नाही. त्यांनी पाय ठेवला आणि बांबू खुपसला. कमान मोडली. माणूस छातीपर्यंत आत गेला.

तूर पाण्यासारखी गिळते, पण पाण्यासारखी सोडत नाही. श्वास सोडला की छातीनं रिकामी केलेली जागा ती घेऊन टाकते, पुढचा श्वास तेवढा लहान होतो. भाऊजी ओरडले, "खालचं तोंड पुरं उघडा." मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो, "नका उघडू, ते खाली ओढले जातील." मधली तूर आधी खाली जाते हे मी पडद्यावर शंभरदा पाहिलेलं होतं. त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एकच खरं. चक्की बंद केली. काखेतून दोर घातला. दोन्ही बाजूंचे बोल्ट खोलून पत्रे वरून एकेक उतरवले. ताई घरातून धावत आली ती घमेलं घेऊनच, तुरीवर टाकलेल्या फळीवर गुडघे टेकून गुलाबरावांच्या छातीभोवतीची तूर उपसत राहिली. पाऊण तास. गुलाबराव ओरडले नाहीत. एवढंच म्हणत होते, "हळू... हळू..." त्याहून मोठ्या शब्दाला श्वास नव्हता.

ते वाचले. तीन बरगड्या गेल्या, आणि फुप्फुसाचं जे व्हायचं ते झालं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताई माझ्या शेजारी बसली होती. नखांत तुरीची सालं. तिनं हात नाकाशी नेला, वास घेतला आणि म्हणाली, "दिनू, मीच केलं रे हे. तुले पायजे होती तशी नाही धाडली. माहेरी तेलकट, वली तूर कशी धाडू म्हटलं. तुले काय म्हाईत? तू आपली मी धाडली ते मोजली."

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे ताई, तू काय मुद्दाम केलं?"

हे वाक्य नंतर मी पुष्कळदा उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात मी तिला क्षमा केली होती. माझ्या चुकीची क्षमा मी तिला करून टाकली, आणि तिनं ती घेतलीही.

पुढे ती गोष्ट नातेवाइकांत फिरली, आणि फिरता फिरता गोटीसारखी गुळगुळीत झाली. "शकूनं तूर निवडली न घात झाला." एका लग्नात माझ्यासमोरच कुणी म्हणालं, "बाई हो, भावाले डबा धाडा, पन निवडू नका." सगळे हसले. ताई वाढायला वाकली होती, तशीच पुढच्या पानाकडे सरकली. मी मठ्ठा प्यायलो. चांगला झाला होता.

वर्षभर मी अकोल्याला जेमतेम दोनदा गेलो, तेही दुसऱ्या कामानं. ज्याच्या मनात असं काही दडलेलं असतं, तो फोनवर हवापाण्याचं फार बोलतो. आंबे, लोड शेडिंग, मंदाचे गुडघे. दोन पाहण्यांमधलं अंतर वाढवत गेलो की आत काय होतं, हे मला पुस्तकी भाषेत माहीत होतं.

यंदा माघात डबा आला. झाकण काढलं आणि सगळं स्वयंपाकघर त्या वासानं भरलं. मंदानं पदर नाकाला लावला. "हे काय धाडलं ताईनं?" आत ओली, तेलकट, काड्याखड्यांसकट तूर, फडक्यात बांधलेली. फोन केला तर ताई म्हणाली, "गुलाबरावनं सोता भरली. म्या हात नाही लावला. तुये भाऊजी म्हनतात, पुन्हा बसवलेल्या जुन्या हॉपरवर किती दिवस काढाचे. मोज आता, पायजे तशी."

मी चिकटपणाच्या चौकोनात खूण केली. चार दिवस यंत्र घरघरलं. पाचव्या दिवशी कमान उभी होती. त्याच गळ्याशी, त्याच उंचीवर. जणू वर्षभर ती तिथेच उभी राहून माझी वाट पाहत होती.

रविवारी निघालो. मंदा डब्यात कुरडया घालायला लागली तर मी म्हणालो, राहू दे. तिनं माझ्याकडे पाहिलं. "रिकामा नेता?" म्हणालो, "काय घालावं ते सुचत नाही."

मिलच्या फाटकाशी गुलाबराव खुर्ची टाकून बसलेले, बांबू मांडीवर आडवा. आता ते रिव्हर्स येणाऱ्या ट्रकांना हात दाखवतात. एका वाक्यात दोनदा थांबतात. ताई ओट्यावर होती, फाटकापासून दहा पावलांवर. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याचं निघालं असतं.

"ताई, तुझ्या डब्यानं नाही झालं ते," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. वाटीतली गुठळी, शनिवार, कमान, सोमवार. गुलाबरावांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

ताईनं विचारलं, "शनवारी दिसलं तुले?"

"हो."

"अन् हॉपर बसवला पंधरा दिवसानं."

"हो."

तिनं माझ्या हातातला डबा घेतला, उघडला, आत पाहिलं. मग म्हणाली, "सालभर मी ताट घेऊन नाही बसली दिनू. हात लावाची हिंमत नाही झाली. तशीच शिजवली. तुये भाऊजी दाताखाली खडा आला की माह्याकडे पायत, अन् मी खाली पायत होती."

मी फाटकाकडे वळलो. "गुलाबराव, तुम्हालाही मी—"

"आयकलं म्या." त्यांनी श्वास घेतला. "खिडकी तं... मांगितली होती न म्या."

तेवढंच.

ताई आत गेली आणि ताटात तूर घेऊन आली. माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली. माझा डबा तिनं शेजारी उघडा ठेवला. बोटं चालायला लागली. पहिला खडा डब्यात पडला. टण्. मग काही वेळ नुसती बोटं. मग दुसरा, थोडा लहान, वरच्या सुरात. मी पुढे झालो.

"बसा सर," गुलाबराव म्हणाले. "निवडू द्या बाईले."

बसलो. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. ताट तीनदा भरलं. एकेक खडा आपल्या वजनाप्रमाणे वाजत होता, एकदा उसळत होता आणि मग इतरांत जाऊन निमूट बसत होता. यंत्रात मी हे आवाज कधी ऐकले नव्हते. यंत्रात आवाज नसतो.

निघताना तिनं झाकण दाबून डबा माझ्या हातात दिला. डोळे लाल होते, पण रडलेली वाटत नव्हती.

"रिकामा कसा धाडू?" ती म्हणाली. "घे. या खड्यायचा टप्पा मोज."

परतीची एसटी बोरगाव मंजूच्या खड्ड्यांतून निघाली तेव्हा डबा माझ्या मांडीवर खुळखुळत होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं जरा वेळ ऐकून घेतलं, मग विचारलं, "बहिनीकडून आले काय? डाळ हाय?"

मी हो म्हणणार होतो. तोंडात आलंच होतं.

"खडे," मी म्हणालो.